थॅलेसेमिया मायनर : घाबरू नका, पण दोघांचेही रक्त तपासा



नामपूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव जोरात चालू होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. एक जोडपे कांद्याची गाडी रिकामी करून परस्पर माझ्याकडे आले. बाईचे वय चोवीसच्या आसपास, कडेवर तीन वर्षांची मुलगी, हातात कागदांनी भरलेली पिशवी. बसता बसताच ती म्हणाली,

"ताई, चार वर्षं झाली, लोहाच्या गोळ्या खातेय. सुया झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. रक्त काही दहाच्या वर जात नाही. आता दुसरा महिना चालू आहे. या वेळच्या डॉक्टरांनी वेगळी तपासणी केली, म्हणाले तुम्हाला थॅलेसेमिया मायनर आहे. तेव्हापासून आत्या बोलत नाहीत. म्हणतात, सुनेच्या रक्तातच खोट निघाली."

तिची आत्या म्हणजेच तिच्या सासूबाई. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, तसे हे लग्न. मी नवऱ्याला विचारले, "दादा, तुमचं रक्त तपासलं का?"

तो हसला. "मला काय झालंय? कांद्याची गोणी एका दमात खांद्यावर घेतो मी."

त्याच्या या उत्तरासाठीच आजचा हा पाठ आहे. नवरा-बायको दोघांनीही तो सोबत बसून वाचावा. एकाला वाचता येत नसेल, तर दुसऱ्याने वाचून दाखवावा.

मायनर म्हणजे काय?

आपले रक्त लाल दिसते ते त्यातल्या तांबड्या पेशींमुळे. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचे काम तो करतो. हिमोग्लोबिन कसे तयार करायचे याची सूचना आपल्याला जन्मतःच मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ज्याच्या दोन्ही सूचना पूर्ण, त्याचे रक्त नेहमीसारखे. ज्याची एक सूचना पूर्ण आणि एक अपुरी, त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात.

मायनर माणसाच्या तांबड्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिकट असतात. आपल्या कांद्याच्या हिशोबाने सांगायचे, तर गोणी लहान आहे. पण शरीर हुशार असते. गोणी लहान पडते म्हणून ते गोण्यांची संख्या वाढवते, आणि माल जवळजवळ पुरा पोचतो. म्हणूनच अशा माणसाचे हिमोग्लोबिन इतरांपेक्षा थोडे कमी राहिले, तरी तो शेतात राबतो, गड चढतो, संसार करतो, म्हातारा होतो. मायनर हा आजार नाही. त्याला औषध लागत नाही. तो वाढत नाही, आणि मायनरचा पुढे कधी मेजर होत नाही.

मग मेजर कोणाला होतो?

ज्या मुलाला आई आणि वडील दोघांकडूनही अपुरी सूचना मिळते, त्याला थॅलेसेमिया मेजर होतो. हा मात्र मोठा आजार आहे. मूल जन्मते तेव्हा चांगले दिसते. कारण पोटातले बाळ वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन वापरते, आणि ते जन्मानंतर काही महिने पुरते. पुढे सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल पांढरे पडू लागते. दूध पीत नाही, वाढत नाही, पोट फुगते, वारंवार ताप येतो. मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त द्यावे लागते, आणि ते जन्मभर. त्या रक्तातून येणारे लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठते. ते बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. अस्थिमज्जा बदलून आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो, बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण. खर्चही फार येतो.

अमेरिकेतले डॉक्टर थॉमस कूली यांनी १९२५ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हा आजार पुष्कळ आढळला, म्हणून ग्रीक भाषेतल्या समुद्राच्या नावावरून त्याला थॅलेसेमिया म्हणू लागले. जिथे पूर्वी हिवतापाचा जोर होता, तिथे मायनर माणसे जास्त आढळतात. कारण मायनर असलेल्याला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असे. भारतात शंभरांत साधारण तीन ते चार माणसे मायनर असतात असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. पण एकही जात, एकही धर्म यातून सुटलेला नाही. तेव्हा "हे आमच्यात नसतं" असे कोणी म्हणू नये.

चार चिठ्ठ्यांचा खेळ

आता एक खेळ घरी करून पाहा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येक वाटीत दोन चिठ्ठ्या टाका. एकीवर लिहा "पूर्ण", दुसरीवर "अपुरी". ही झाली दोन मायनर माणसांची जोडी. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक चिठ्ठी काढा. ते तुमचे मूल.

चार शक्यता आहेत. दोन्ही "पूर्ण" आल्या, तर मूल अगदी नेहमीसारखे. एक "पूर्ण" आणि एक "अपुरी" असे दोन प्रकारे येऊ शकते, ते मूल मायनर, म्हणजे तुमच्यासारखेच धडधाकट. आणि दोन्ही "अपुऱ्या" आल्या, तर मूल मेजर. म्हणजे चारांत एक भाग धोका.

आता चिठ्ठ्या पुन्हा वाटीत टाका आणि दुसरे मूल काढा. इथेच लोकांची चूक होते. "पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील," असे ते धरून चालतात. तसे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत वाटीत पडतात. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच, चारांत एक.

खेळ पुन्हा करा. या वेळी एका वाटीत दोन्ही चिठ्ठ्या "पूर्ण" ठेवा. कितीही वेळा काढा, दोन "अपुऱ्या" एकत्र येणारच नाहीत. म्हणजे नवरा-बायकोतले एकच मायनर असेल, तर मेजर मूल होत नाही. काही मुले मायनर होतील, एवढेच. म्हणून एकाचा कागद मायनर आला की दुसऱ्याने त्याच आठवड्यात रक्त द्यावे. गोणी उचलता येते म्हणून रक्तात मायनर नाही असे ठरत नाही. मायनर माणूसही गोणी उचलतो.

आपल्या बागलाणच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक दोषही आढळतो. एकाला थॅलेसेमिया मायनर आणि दुसऱ्याला सिकलसेलचा अंश असेल, तरी प्रत्येक मुलाला चारांत एक भाग त्रासदायक आजाराचा धोका असतो. त्यासाठी तपासणी करताना दोन्ही गोष्टी पाहायला सांगावे.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी साध्या रक्ताची, म्हणजे सीबीसी. तिच्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो पेशीचा आकार दाखवतो. तो ८० पेक्षा कमी असेल, तर पेशी लहान आहेत. लोह कमी पडले तरी पेशी लहान होतात, आणि मायनर असले तरी लहान असतात. घोटाळा होतो तो इथे. लोह कमी असेल, तर तांबड्या पेशींची संख्याही सहसा घटते. मायनरमध्ये ती बऱ्याचदा ५० लाखांच्या वर असते. गोणी लहान, गोण्या जास्त, हे आपण पाहिलेच.

पक्के निदान करणाऱ्या तपासणीला एचपीएलसी म्हणतात. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजतात. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल, तर बहुधा मायनर. लोह फार कमी असेल, तर हा आकडा थोडा खाली येऊ शकतो, म्हणून कागद डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. कागद जपून ठेवा, आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.

तुम्ही विचारता ते प्रश्न

*मायनर असल्यावर लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?*
आधी फेरिटिन ही तपासणी करावी. तिच्यावरून अंगात साठलेले लोह कळते. लोह कमी असेल, तर मायनर माणसानेही गोळ्या घ्याव्यात. लोह पुरेसे असेल, तर वर्षानुवर्षे गोळ्या आणि सुया घेऊन हिमोग्लोबिन वाढणार नाही. उलट नको तेवढे लोह साठेल. मात्र गरोदरपणात आरोग्यसेविका देते त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. कागद दाखवा आणि डॉक्टर सांगतील तसे करा.

*थकवा येतो, तो यामुळेच का?*
दर वेळी नाही. पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, अर्धपोटी राहणे, झोप न मिळणे, थायरॉइड, अशी कितीतरी कारणे असतात. मायनरच्या नावावर सगळे ढकलू नका. थकवा वाढला तर तपासून घ्या.

*पथ्य काय?*
पथ्य नाही. भाकरी, डाळ, उसळ, मेथी, पालक, जे घरात शिजते ते सर्व खा. हिरव्या पालेभाजीत फॉलिक ॲसिड असते, ते रक्त तयार व्हायला उपयोगी पडते.

*एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने लागते का?*
नाही. हे जन्मतःच येते. कोणाकडून कोणाला लागत नाही.

*बाळंतपणात धोका आहे का?*
बहुतेक बायांचे बाळंतपण सुखरूप होते. गरोदरपणात हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा थोडे आणखी उतरते, म्हणून नाव लवकर नोंदवा, तपासणी चुकवू नका आणि बाळंतपण दवाखान्यातच करा.

*मधुमेह असेल तर?*
तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी मायनर माणसात कधी कधी चुकीचा आकडा देते. मायनरचा कागद डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ते साखर दुसऱ्या प्रकारेही पाहतील.

दोघेही मायनर निघाले तर?

घाबरू नका, आणि एकमेकांना सोडण्याची भाषा करू नका. मूल होऊ देऊ नका असे आम्ही सांगत नाही. नियोजन करा, एवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, तपासण्या पुऱ्या होईपर्यंत पाळणा लांबवा. निरोध आहे, गर्भनिरोधक गोळ्या आहेत, तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे. मायनर असल्यामुळे यातले काहीही वर्ज्य नाही. तांबीने काही बायांना पाळीत जास्त रक्त जाते. ज्यांचे रक्त आधीच कमी आहे, त्यांनी तांबी बसवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

दुसरी गोष्ट, दिवस राहिले तर पाळी चुकताच सांगा. पोटातल्या बाळाला मेजर आहे की नाही हे कळू शकते. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा अगदी लहान तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन ही तपासणी करतात. त्याआधी आई-वडिलांच्या रक्तातला नेमका दोष शोधावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून उशीर करू नये. मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत अशा तपासण्या होतात. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा, तिथून पुढची वाट समजेल.

एक सक्त सूचना. ही तपासणी आजारासाठी आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

तपासणीत बाळाला मेजर निघाला, तर पुढे काय करायचे हे आईने ठरवायचे. गर्भपाताचा कायदा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्यात पुरेशी असते, आणि तिच्यावर कोणी जबरदस्ती करू शकत नाही. बाळ ठेवायचे ठरले, तरी ती बाई चुकली असे नाही. मेजर मुलांना आज पूर्वीपेक्षा चांगले आयुष्य मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला आहे. अस्थिमज्जा बदलण्यासाठी कोल इंडियाच्या मदतीने २०१७ साली थॅलेसेमिया बाल सेवा योजना सुरू झाली. निवडक रुग्णालयांत तिच्यातून दहा लाखांपर्यंत मदत मिळते.

तिसरी गोष्ट, मनासारखे कुटुंब झाले की पाळणा थांबवा. बाईचे रक्त मुळात उतरलेले असेल, तर शस्त्रक्रियेचा भार तिच्यावरच का टाकायचा? पुरुष नसबंदी सोपी आहे, टाक्याशिवाय होते, आणि पुरुषाची ताकद तिने जात नाही. फक्त शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा, आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यावी.

लग्न ठरवताना

आपण पत्रिका पाहतो, घरदार पाहतो, शेतीला पाणी आहे का ते पाहतो. त्यासोबत मुलगा-मुलगी दोघांच्याही रक्ताचा हा एक कागद पाहावा. नात्यात लग्न असेल, तर जरूर पाहावा. कारण एकाच आजोबांकडून आलेली अपुरी सूचना आते-मामे भावंडांत दोन्हीकडे असू शकते. मायनर मुलीचे लग्न मोडू नका, आणि तिचे मायनर लपवूही नका. मायनर नसलेल्या मुलाशी तिचा संसार निर्धास्त होतो. मायनर मुलाचेही तसेच. सायप्रस या लहानशा बेटावर हा आजार फार होता. १९७० नंतर तिथे लग्नाआधी रक्त तपासण्याची पद्धत रूढ झाली, आणि मेजर मुले जन्मणे जवळजवळ थांबले. लग्ने मात्र थांबली नाहीत.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले?

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी रक्त दिले. कागद आला तो मायनरचा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे खोट माझ्यातही आहे." मी म्हटले, "खोट म्हणू नका, दादा. तुम्ही कालही गोणी उचलत होता, उद्याही उचलाल."

मग मी त्यांच्या घरी गेले. सासूबाई ओट्यावर कांद्याची पात निवडत होत्या. मी म्हटले, "आई, सून तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी. मुलगा तुमच्या पोटचा. दोघांत एकच गोष्ट निघाली. ती कुठल्या वाटेने आली असेल?" त्यांनी हातातली पात खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून रक्त द्यायला आल्या. त्याही मायनर निघाल्या. साठी उलटलेल्या, चार मुले वाढवलेल्या, आजही पहाटे उठून शेतावर जाणाऱ्या. आपल्या रक्तात असे काही आहे, हे त्यांना आयुष्यभर कधी कळलेच नव्हते. त्या दिवसानंतर त्या घरात खोट हा शब्द कोणी काढला नाही.

जोडपे मुंबईला गेले, वेळेत गेले. सोबत सासूबाई गेल्या. बाळाच्या तपासणीचा कागद येईपर्यंतचे दिवस फार जड गेले, असे ती बाई नंतर मला म्हणाली. बाळ मायनर निघाले, म्हणजे आईसारखेच आणि आजीसारखेच. मोठ्या मुलीचेही रक्त तपासले, तिच्यात काही नव्हते. बाळ वर्षाचे झाल्यावर नवऱ्याने स्वतः येऊन नसबंदी करून घेतली. आता त्यांच्या घरी लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी सगळ्यांच्या रक्ताचे कागद ठेवले आहेत. मुलाच्या लग्नाच्या वेळी ते लागतील.

लक्षात ठेवा

१. मायनर हा आजार नाही, आणि त्याचा मेजर होत नाही.
२. एकच मायनर असेल, तर मुलाला मेजर होत नाही. दोघे मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक भाग धोका.
३. बायकोचे रक्त तपासले की नवऱ्याचेही तपासा.
४. लोह तपासल्याशिवाय वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या-सुया घेऊ नका. गरोदरपणातल्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.
५. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत पाळणा लांबवा. दिवस राहिले तर पहिल्या महिन्यातच सांगा.
६. दोष कोणाचाच नसतो. सुनेचा नाही, मुलाचा नाही, सासरचा नाही, माहेरचाही नाही.

तुमच्या गावातली आशाताई, आरोग्यसेविका किंवा जवळचा सरकारी दवाखाना यांना भेटा. बाजाराच्या निमित्ताने नामपूरला यालच, तेव्हा दोघे मिळून या. रक्त द्यायला पाच मिनिटे लागतात.